समुद्रफुलाचा शेजार

आमच्या घरात मासा म्हटलं की आधी विळी आठवते. अब्बांची चाळीस वर्षं हर्णैच्या बंदरात होडीवर गेली. त्यामुळे बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची काचेची टाकी आली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती नीट न्याहाळली आणि म्हणाले, "मासा जाळ्यात बघायचा, नाहीतर कालवणात. हा तिसरा प्रकार काय बेटा?"

आम्ही म्हणजे दोघं नवरा-बायको. एक शाळेत विज्ञान शिकवतो, दुसरी घर सांभाळून शिलाईची कामं घेते. या टाकीचं श्रेय (आणि दोषही) दोघांचा सारखाच, म्हणून इथं 'आम्ही' असंच लिहितो. मुलांना घेऊन रत्नागिरीला सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय बघायला गेलो होतो, तिथून हे खूळ घरी आलं. आधी गोड्या पाण्यातले गप्पी झाले. ते इतके वाढले की नातेवाइकांना वाटून संपेनात. मग २०१७ साली खाऱ्या पाण्याची टाकी लावली. किनारा घरापासून दीड किलोमीटरवर असताना खाऱ्या पाण्याला काय तोटा, असं वाटलं होतं.

समुद्रफूल आम्हा दोघांनाही लहानपणापासून ओळखीचं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं, त्यात ती फुलं उघडलेली असतात. बोट लावलं की पाकळ्या बोटाला किंचित चिकटतात आणि फूल मिटून गोळा होतं. ते चिकटणं म्हणजे खरं तर डंख असतो. त्या पाकळ्यांत सूक्ष्म पेशी असतात, स्पर्श होताच त्यातून विषारी धागा सुटतो. आपल्या बोटाची कातडी जाड म्हणून आपल्याला गंमत वाटते. लहान माशाला ती वाटत नाही. एवढं आम्हाला पुस्तकातून माहीत होतं आणि शाळेत शिकवलंही होतं. तरी पुढे जे झालं ते झालंच.

खाऱ्या टाकीत नुसतं पाणी ओतून मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विष आहे. खडकांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानानं निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू वसायला कित्येक आठवडे लागतात. समुद्रफुलासाठी तर टाकी आणखी जुनी हवी, सहा महिने ते वर्षभर तिचं पाणी एकसारखं राहिलेलं हवं. तेवढा सबर आम्ही केला. पाणी खडकाळ किनाऱ्यावरून भरतीच्या वेळी आणायचो, कापडातून गाळायचो आणि काळ्या पिंपात झाकून तीन आठवडे ठेवायचो. पावसाळ्यात ओढ्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा उतरतो, म्हणून मे महिन्यातच दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवायची सवय लागली. तिचा उपयोग पुढे सांगू.

टाकीत आधी समुद्रफूल आणलं. पाकळ्यांच्या टोकाला फुगवटे येणारं, ज्याला शौकीन लोक 'बबल टिप' म्हणतात ते. एका ओळखीच्याच्या टाकीत त्याच्या फुलाचे आपोआप दोन भाग झाले होते, त्यातला एक त्यानं दिला. हे फूल असं वाढतं, मधून फाटून दोन होतं. वय म्हणाल तर या जातकुळीला फार मोठं मिळतं. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे दादी म्हणत. आमच्या अम्मींना ही गोष्ट सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तुमच्या नातवंडांच्या गळ्यात पडणार."

मग २०१८ च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका दुकानातून मासे आणले. बांगाई कार्डिनल, एक जोडी. चांदीसारखं अंग, त्यावर तीन काळे पट्टे, पांढरे ठिपके, आणि अंगाच्या मानानं फार लांब पंख. पूर्ण वाढला तरी आपल्या बोटाएवढाच. फार पळत नाही, एका जागी तरंगत राहतो, जणू काही विचारात आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाची बेटं आहेत, हा मूळचा तिथलाच. कार्डिनल हे नाव ख्रिस्ती धर्मगुरूंच्या लाल झग्यावरून पडलेलं. या कुळातले बरेच मासे लाल असतात, हा नाही, पण नाव कुळाचं लागलं.

दुकानदारानं कौतुकानं सांगितलं की हे थेट समुद्रातून पकडलेले आहेत. आम्हालाही ते कौतुकाचंच वाटलं. नंतर वाचलं तेव्हा मान खाली गेली. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर काउडर्न यांनी १९२० मध्ये या माशाचे नमुने गोळा केले आणि १९३३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. पुढे साठ वर्षं जग त्याला विसरलं होतं. १९९४ च्या सुमारास तो पुन्हा प्रकाशात आला आणि काचेच्या टाक्यांसाठी इतका पकडला गेला की २००७ साली त्याची नोंद संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली. याची पिल्लं इतर समुद्री माशांसारखी प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, जन्मतात तिथंच राहतात. एका खाडीतले मासे काढून नेले की ती खाडी रिकामीच राहते. माणसाच्या हातानं पैदास केलेले मिळतात, तेच घ्यावेत. हे आम्हाला ती पहिली जोडी घेण्याआधी कळायला हवं होतं.

त्या दिवशी मुंबईहून घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. मासे सकाळपासून पिशवीत, अंधारात. मुलं जागीच होती. आम्ही अर्धा-पाऊण तास पिशवीत टाकीचं पाणी थोडं थोडं घातलं, मग मासे सोडले. ते बिचकू नयेत म्हणून लगेच सगळे दिवे मालवले आणि झोपलो. हेच चुकलं. दमलेला, अनोळखी जागी आलेला मासा, त्यात मिट्ट काळोख. त्याला कुठं काय आहे ते दिसलंच नसणार.

फजरला उठलो तेव्हा एकच मासा दिसला. समुद्रफूल अर्धवट मिटलेलं होतं आणि त्याच्या मधोमध, तोंडातून, काळी-पांढरी शेपटी बाहेर आलेली. लपवायच्या आत लेकीनं पाहिलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. रडली नाही. "फुलानं मासा खाल्ला," एवढंच म्हणाली, आणि आठवडाभर टाकीकडे फिरकली नाही. उरलेला मासाही खाईना, पाचव्या दिवशी गेला.

अम्मी एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आठवण करून दिली. म्हणाल्या, "कोंडलंत ना त्याला? मग त्याचं सगळं तुमच्या डोक्यावर. फुलाला कशाला नावं ठेवता?" कारण आम्ही फुलाला नावं ठेवत होतो. ते परत देऊन टाकावं असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

दिलं नाही. त्याऐवजी वर्षभर टाकीत एकही नवा मासा आणला नाही आणि वाचलं, विचारलं. समजलं ते असं. जोकरमासा समुद्रफुलात लोळतो, कारण त्याच्या अंगावरच्या चिकट थराला फूल शत्रू मानत नाही. बांगाई कार्डिनलचं तसं नाही. तरीही त्याच्या मूळच्या समुद्रात त्याची पिल्लं समुद्रफुलांच्या आणि काटेरी समुद्री साळूंच्या आसऱ्यालाच राहतात. अगदी लगटून, पण बेतानं. मोठ्या माशांना तिथं यायची भीती वाटते, तेवढाच फायदा. फूल कुणाच्या मागे धावत नाही. धडधाकट, डोळस, पोट भरलेल्या माशाला ते कुठं आहे हे ठाऊक असतं आणि तो वीतभर अंतर राखून असतो. फुलात सापडतो तो आजारी, घाबरलेला किंवा आंधळ्यासारखा फिरणारा. आमच्या माशाला त्या रात्री तिन्ही केलं होतं आम्हीच.

मग टाकी नव्यानं मांडली. समुद्रफूल डाव्या टोकाला, खडकाच्या वेगळ्या ढिगावर. उजव्या टोकाला माशांसाठी आसरा. खरी समुद्री साळू आणणं जमणारं नव्हतं, म्हणून काळ्या प्लॅस्टिकच्या कंगव्यांचे लांब दाते कापून सिलिकॉननं एका शिंपल्यावर रोवले. दिसायला भयंकर, पण माशांना तेच आवडतं. रात्रभर जळेल असा मिणमिणता निळा दिवा लावला. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला. हे फार जरुरी, कारण समुद्रफूल चालतं. उजेड किंवा प्रवाह पटला नाही की पायाच्या तळव्यावर सरकत जागा बदलतं, आणि पंपाच्या तोंडात ओढलं गेलं तर त्याच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्यांनी सगळी टाकी विषारी होते. आमचं फूल एकदा तीन दिवस काचेवरून फिरलं. ओढून काढायचा मोह होतो, पण पाय फाटला तर ते मरतं. आम्ही नुसते बसून पाहत राहिलो. चौथ्या दिवशी ते आपल्या ढिगावर परत गेलं. का गेलं होतं, का आलं, त्याचं त्याला ठाऊक.

जोकरमासा मात्र मुद्दाम ठेवला नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. फूल मिळालं की तो मालक होतो आणि शांत कार्डिनलला जगू देत नाही.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर पैदाशीतली जोडी आणली, आधीच जुळलेली. सुटे मासे आणून जोडी आपोआप जमेल या भरवशावर राहिलं तर नर एकमेकांना मारतात. या वेळी सकाळी पोचेल असा प्रवास केला. आल्यावर आठवडाभर त्यांना भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात, टाकीच्या आतच ठेवलं. तिथून त्यांना सगळं दिसत होतं, फूलही. खाऊ लागल्यावरच सोडलं, तेही सकाळी. खायला बंदरावरचा ताजा जवळा, गोड्या पाण्यात धुऊन, बारीक करून गोठवलेला. अब्बा आता स्वतः बंदरावर जाऊन जवळा निवडून आणू लागले होते. "त्यांना वाळू लागलेला देऊ नका," असा हुकूम वर. फुलाला आठवड्यातून एकदा कोलंबीचा चण्याएवढा तुकडा. पोट भरलेलं फूलही शेजाऱ्यांना बरं असतं.

पुढचं सगळं २०२० च्या रमजानचं आणि त्यानंतरच्या महिन्याचं.

टाळेबंदी होती, सगळे घरीच. सत्ताविसाव्या रोज्याच्या दुपारी लेकीनं हाक मारली. नराचा जबडा फुगला होता, गळ्याखाली केशरी गोळा दिसत होता. या माशांत अंडी नर सांभाळतो. मादीनं अंडी घातली की तो ती तोंडात घेतो, विसेक दिवसांनी ती फुटतात, त्यानंतरही आठ-दहा दिवस पिल्लं तोंडातच. जवळजवळ महिनाभर तो काही खात नाही. धाकट्यानं लगेच जाहीर केलं की हा रोजा धरतोय. अब्बा म्हणाले, "रोज्याला नीयत लागते आणि संध्याकाळी इफ्तार असते. हा नुसता बाप आहे." आणि जवळ्याची वाटी नुसती मादीच्या बाजूला धरायला सांगितली.

३ जूनला निसर्ग वादळ आलं.

ज्यांनी तो दिवस कोकणात काढला त्यांना काही सांगायला नको. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, आंबे मुळासकट आडवे झाले, पत्रे कुठच्या कुठं गेले. आमची कौलं एका बाजूची उडाली, पण बैठकीची खोली शाबूत राहिली. शेजारच्या चाचींचं छप्परच नव्हतं. त्या, त्यांचे दोन मुलगे, एक सून आणि तान्हं बाळ असे संध्याकाळी आमच्याकडे आले आणि पुढचे पंधरा दिवस त्याच खोलीत राहिले, टाकीच्या पायाशी. विजेचे खांब तर इतके पडले होते की महिना लागेल, असं लोक बोलत होते.

वीज नाही म्हणजे टाकीत पंप नाही, प्रवाह नाही, पाण्यात हवा मिसळत नाही. उकाडा, त्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. काही तासांत मासे वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करू लागतात. उपाय एकच, मगमध्ये पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचं. दहा मिनिटं ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं. आम्ही दोघांनी पाळी लावली.

आणि लाज वाटू लागली. खोलीत छप्पर गेलेली माणसं निजलेली, त्यांची सुपारीची बाग एका दुपारी संपलेली, आणि आम्ही मेणबत्तीच्या उजेडात दोन बोटभर माशांसाठी पाणी ओततोय. आवाज होऊ नये म्हणून मग काचेला टेकवून हळूच ओतू लागलो. त्यानं काही उपयोग होत नाही, पाणी फुटलं तरच हवा मिसळते. मध्यरात्रीनंतर चाची अंधारातूनच म्हणाल्या, "चोरून काय ओतताय? जीव आहे तो. नीट ओता." थोड्या वेळानं त्यांचा थोरला उठून बसला आणि मग हातात घेतला. पहाटेपर्यंत तोच ओतत होता.

दुसऱ्या रात्री चूक झाली. सगळेच दिवसभर कौलं उचलून, झाडं तोडून मोडून पडलेलो. तासाभर कुणालाच जाग आली नाही. जाग आली ती अब्बांना. त्यांनी बॅटरी टाकीवर मारली आणि हाक दिली. प्रवाह थांबल्यामुळे समुद्रफूल पुन्हा चालू लागलं होतं आणि काचेवरून वर, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आलेलं होतं. दमलेली मादी हवेसाठी नेमकी तिथंच वर आली होती. तिच्या पंखाला आणि अर्ध्या अंगाला पाकळ्या चिकटल्या होत्या. आम्ही प्लॅस्टिकच्या चमच्यानं तिला सोडवलं. दुपारपर्यंत जगली. आजही मनात येतं की निळा दिवा नव्हता तर निदान मेणबत्ती टाकीजवळ ठेवायची होती. ती आम्ही बाथरूमच्या वाटेवर ठेवली होती, पाहुण्यांसाठी. तिथंही ती लागत होतीच.

नर कोपऱ्यात, कंगव्याच्या दात्यांत, फुगलेला जबडा घेऊन तसाच. अशा त्रासात नर बहुधा अंडी गिळून टाकतो किंवा थुंकतो. यानं तसं केलं नाही.

फूल काढून टाकावं का, हा प्रश्न पुन्हा आला, आणि या वेळी रागानं नव्हे तर भीतीनं. पण ते काढून ठेवणार कुठं? वेगळ्या बादलीत ते मेलं असतं, टाकीत मेलं तर बाकी सगळं घेऊन गेलं असतं. तोड काढली चाचींच्या सुनेनं. भाजीची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली तिनं आणून दिली. "कोंबडीचं पिल्लू झाकतो तसं झाका." फूल हळूहळू आपल्या ढिगावर उतरल्यावर त्यावर ती टोपली उपडी घातली, वर दगड ठेवला. पाणी आतबाहेर, फूल आत, मासा बाहेर. इतकी पुस्तकं वाचून आम्हाला हे सुचलं नव्हतं. दिवसा टोपली काढायचो आणि खिडकी उघडून टाकी उजेडात ठेवायचो, कारण या फुलाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर अन्न करतात आणि त्यावर फूल बरंचसं जगतं. तरीही त्या दिवसांत ते फिकं पडत गेलं.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी होडीची बॅटरी आणली. होडी वादळाआधीच वर ओढली होती, म्हणून वाचली. तिच्यावर हवेचा लहान पंप चालू लागला आणि मग सुटला. बॅटरी भरायची म्हणजे जमातीनं पाण्याच्या टाकीसाठी भाड्यानं आणलेला जनरेटर, दिवसाला दोन तास. तिथं मोबाईल घेऊन रांग असायची. घरची माणसं सुखरूप आहेत हे मुंबईला, आखाताला कळवायचं होतं लोकांना. त्या रांगेत आम्ही माशांच्या बॅटरीसाठी उभे. खोटं बोलावंसं वाटलं, दिव्यासाठी आहे म्हणून. अब्बांनी सरळ सांगितलं. थोडा हशा झाला. ज्येष्ठांनी ठरवलं, आधी मोबाईल, मग मासे. कुणी अडवलं नाही. एकदोघं तर संध्याकाळी नर बघायला घरी आले.

साधारण पंधरवड्यानंतर एका सकाळी नर आम्ही वेगळ्या डब्यात हलवला. पिल्लं मोठ्या टाकीत सुटली असती तर आसरा शोधत सरळ फुलाकडेच गेली असती. समुद्रात ती तेच करतात, पण समुद्रात एका फुलाशेजारी जागा मोकळी असते. दोन दिवसांनी डब्यात अकरा पिल्लं होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि नवल म्हणजे पट्टे, ठिपके, लांब पंख सगळं तसंच, बापाची नक्कल. त्यांना पहिल्या दिवसापासून जिवंत अन्न लागतं. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून चोवीस-छत्तीस तास ठेवली की सूक्ष्म कोळंबीसारखे जीव निघतात, तेच द्यायचे. घरात एकच डबा उरला होता. बॅटरीची हवा आता दोन ठिकाणी वाटून चालली.

नरासमोर जवळा टाकला. तो थोडा वेळ बघत राहिला, मग एकदम झडप. अब्बा तिथंच बसले होते. काही बोलले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि आम्ही पोट बिघडेल म्हणून थांबवल्यावर रागावले.

वीज जूनच्या अखेरीस आली. चाचींच्या घरावर तोवर ताडपत्री आणि मग पत्रे चढले होते. अकरातली चार पिल्लं पहिल्या दीड महिन्यात गेली. ती अशी जातात की दिवा लावला, कुणी दार आपटलं, की पिल्लू दचकून ताठ होतं आणि संपतं. नुसत्या आर्टेमियात हवी ती स्निग्धं नसतात, त्यामुळे हे होतं. ती स्निग्धं आर्टेमियाला आधी खाऊ घालावी लागतात आणि मग ती पिल्लांना द्यायची. टाळेबंदी सैल झाल्यावर ते खाद्य मिळालं आणि उरलेली सात टिकली. फुलाचा रंगही सप्टेंबरपर्यंत परत आला. ते आधीपेक्षा मोठं झालं.

सात पिल्लं अंगठ्याच्या पेराएवढी झाली तेव्हा नोव्हेंबर लागला होता. त्यांचा डबा अपुरा पडू लागला. मोठी टाकी दोन हातांवर होती, पण आम्ही महिनाभर चालढकल केली. लेकीनंच शेवटी विचारलं, "आता नाही तर कधी?" मग सगळं यथासांग केलं. भोकांचा डबा आठ दिवस टाकीत, फुलाच्या समोर. रविवारी सकाळी, पोट भरल्यावर सोडायचं. कंगव्याचे दाते दुप्पट केले, निम्मे अब्बांनी कापले. दिवसभर पिल्लं दात्यांत घोटाळत राहिली. एकदोघं फुलाकडे गेली, वीतभर अंतरावर थांबली, परतली. बाप दूर होता, त्याला ओळख होती की नाही कोण जाणे.

रात्री निळा दिवा लावला. इन्व्हर्टर तपासला. भाजीची टोपली काढून जवळ ठेवली, घालायची नाही असं ठरवून. मग कुणीच झोपायला उठेना. धाकटा अकराच्या सुमारास तिथंच आडवा झाला. लेक बाराला गेली. अम्मी तहज्जुदला उठल्या तेव्हा आम्ही दोघं अजून जमिनीवर बसलेलो पाहून त्यांनी नुसता चहा ठेवला. अब्बा खुर्चीत होते, होडीवरची जुनी बॅटरी हातात, पण टाकीवर मारायची नाही अशी सक्त ताकीद आम्ही दिली होती, पिल्लं दचकतील म्हणून.

फजरनंतर खिडकीतून उजेड आला. लेक धावत आली आणि काचेला नाक लावून मोजू लागली. सात. अब्बा म्हणाले, एक दोनदा मोजलास, परत मोज. तिनं परत मोजले.